चिठ्ठ्या चिकटवलेल्या रेकॉर्डी

खून, दरोडे, दंगली यांत मी तीसेक वर्षं काढली. तरी कोणी "साहेब, एखादा तपास सांगा" म्हटलं, की माझ्या डोळ्यांपुढे आधी उभा राहतो तो गाण्यांचा गुन्हा. त्यात ना रक्त सांडलं, ना कुणाची तिजोरी फुटली. पण त्या पंधरा दिवसांत मी जितका पळालो, जितका हुरळलो आणि जितका तोंडघशी पडलो, तितका पुढे कधीच नाही. ती हकीकत सांगताना मी आजही खुर्चीत सरसावून बसतो आणि घरातली मंडळी एकमेकांकडे बघून हसतात.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी साताऱ्याकडून बदलून अमरावतीला आलो होतो. फौजदार म्हणून माझी ती दुसरीच नेमणूक. अंगात रग होती, मिशी नवी होती आणि वऱ्हाडची बोली कानाला पुरती बसली नव्हती. आमच्या ठाण्यातले जमादार भातकुलीकडचे. त्यांची नोकरी जवळजवळ माझ्या वयाएवढी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "काहून आले साहेब इकडं?" मला तो उर्मटपणा वाटला. आपुलकीची चौकशी इथे अशीच करतात, हे कळायला मला आठवडा लागला.

त्या काळी वऱ्हाडात लग्न म्हटलं की भोंगा आलाच. भोंगेवाला सायकलवर किंवा बैलगाडीत सामान घालून यायचा, लिंबाच्या झाडावर भोंगा बांधायचा आणि सकाळपासून गाणी लावायचा. रेकॉर्डी लाखेच्या, हातातून पडली की ठिकऱ्या. या रेकॉर्डी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा वऱ्हाडातला एकमेव एजंट अकोल्याला होता. अमरावती काय, अकोला काय, सगळ्या दुकानदारांनी माल त्याच्याकडूनच आणि त्याच्याच भावानं घ्यायचा, असा शिरस्ता होता.

एके दिवशी सकाळी हाच एजंट वकिलाला घेऊन ठाण्यात आला. काळी टोपी, खिशाला फाउंटन पेन, बोलणं मोजकं. अमरावतीच्या बाजारात एक दुकानदार तीच गाणी बरीच स्वस्त विकतो आहे आणि तो माल नकली आहे, अशी त्याची तक्रार होती. बोलता बोलता त्यानं पिशवीतून एक रेकॉर्ड काढून माझ्या टेबलावर ठेवली. मधल्या गोल कागदावर, जिथे कंपनीचं नाव आणि गाण्याचे बोल छापलेले असतात, तिथे कोऱ्या कागदाची पांढरी चिठ्ठी डकवलेली होती. चिठ्ठीवर शाईनं नुसता एक आकडा.

"चोरी नसती तर नाव झाकलं असतं काय, साहेब?" एजंट म्हणाला.

हा प्रश्न माझ्या डोक्यात असा बसला की दुसरा विचार आत शिरायला जागाच उरली नाही.

कॉपीराइटचा कायदा तेव्हा नवीन होता. आमच्या ठाण्यात त्याची प्रत नव्हती, ती मी वकिलांच्या वाचनालयातून मागवली. कंपनीनं त्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे फिर्याद आधीच दाखल केली होती, त्यामुळे माल जप्त करण्याचा अधिकार आम्हाला मिळाला होता. मात्र तेवढ्यावर माणसाला अटक करता येत नव्हती. म्हणून एजंटानं दुसरी लेखी तक्रार दिली. नकली माल अस्सल म्हणून विकला, म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक केली. फसवणूक म्हटली की बिनवॉरंट अटक करता येते. मी चारशेवीस कलम लावलं आणि लावताना माझा हात जरासुद्धा थबकला नाही.

जमादारांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "साहेब, थोडं दमानं घ्या. हा मानूस माह्या पाहण्यातला हाय."

"पाहण्यातली माणसंच पहिल्यांदा फसवतात, जमादार," मी म्हणालो. असली वाक्यं मला तेव्हा फार सुचत.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातल्या आमच्या एका खबऱ्या हमालानं बातमी आणली की त्या दुकानदाराची एक लाकडी पेटी बुधवारी सकाळी सुटणार आहे. मुंबईहून आलेली, आत पेंढा भरलेला. बुधवारी मी दोन शिपाई आणि जमादारांना घेऊन दुकानाच्या समोरच्या कापडवाल्याकडे दबा धरून बसलो. हातगाडी आली, पेटी आत गेली, पडदा पडला. पाच मिनिटं मोजली आणि आम्ही आत घुसलो.

दुकानदार चाळिशीचा, सडपातळ, डोळ्यांना चष्मा. पूर्वी तोही भोंगेवालाच होता. सायकलवर भोंगा बांधून त्यानं गावोगावची लग्नं केली होती, आणि आताही दुकानातून भोंगा भाड्यानं द्यायचा. छपन्न साली बौद्ध झालेल्या त्याच्या वस्तीतला, त्या हमरस्त्यावर दुकान थाटणारा तो पहिलाच माणूस, हे मला जमादारांनी वाटेत सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. पडद्यामागे तो पेटीसमोर उकिडवा बसला होता. एका हातात रेकॉर्ड, दुसऱ्या हातात खळीची वाटी आणि शेजारी कापलेल्या पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. अगदी रंगेहाथ.

शेजारचा शिंपी आणि पानवाला यांना पंच म्हणून बोलावलं, जप्तीचा पंचनामा केला. शंभरावर रेकॉर्डी निघाल्या, त्यातल्या निम्म्याअधिकांवर चिठ्ठ्या होत्या. बाहेर हीऽ गर्दी जमली. मी त्याला हातकडी घातली. आरडाओरडा नाही, रडारड नाही. तो फक्त हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मांगच्या गल्लीनं चला. तिकडून बी ठाणं येते."

मी त्याला हमरस्त्यानं नेलं. पोलीस काम करतात हे लोकांना दिसलं पाहिजे, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान होतं.

दुपारी चौकशीला बसवला. मी टेबलाच्या या बाजूला, तो त्या बाजूच्या बाकावर, दाराशी जमादार.

"कुठे छापतोस हा माल?"

"छापत नाही साहेब. माल असली हाय. बाहेर देशातून आला म्हनून सस्ता हाय."

"कुठल्या देशातून?"

"आफ्रिकेतून."

मी हसलो. आफ्रिकेत सिंह असतात एवढं मला माहीत होतं, तिथे आपली गाणी कोण ऐकतं? त्यानं शांतपणे समजावलं. तिकडे कापसातली सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या आपल्या देशातल्या शेटलोकांच्या आहेत. त्यात फिटर, कारकून आपलेच. त्या लोकांसाठी कंपनी आपल्या परदेशातल्या कारखान्यात रेकॉर्डी काढते. तिथल्या एका दुकानदाराचा जुना साठा पडत्या भावात निघाला आणि ओळखीच्या एका माणसानं तो विकत घेऊन इकडे पाठवला.

"त्या माणसाचं नाव?"

त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"नाव सांग."

"नाव सांगतलं त तुमी त्याच्या इथल्या घरच्याइले बी आनून बसवान, साहेब."

"मग या चिठ्ठ्या कशाला डकवल्या? अस्सल मालाचं नाव कोण झाकतं?"

"भोंगेवाल्याची सवय हाय साहेब. आमच्या धंद्यात सारेच असं करतेत."

"कशासाठी?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुमाले सांगून पटन काय?"

खरं सांगायचं तर तेव्हा नसतंच पटलं. मी जबाबात 'आरोपी समाधानकारक खुलासा देत नाही' असं ठसठशीत अक्षरात लिहिलं. उठताना तो म्हणाला, "साहेब, माल जप्त केला त केला. पन कागदावर चोर लिवू नका. आमच्यातला मानूस चोर हाय म्हनाले लोकाइले वेळ लागत नाही. एकडाव नाव गेलं की दुकान उघडूनबी बंदच राह्यते."

मी त्याला कोठडीत पाठवलं. पण ते वाक्य काही कोठडीत गेलं नाही. चहा पिताना ते आठवे, आणि आठवलं की मी चिडून जमादारांना काहीतरी काम सांगे.

आता मला पाहिजे होता छापखाना. नकली माल आहे म्हणजे तो कुठेतरी तयार होतो. एजंटानं निरोप धाडला की मूर्तिजापूरच्या बाजूनं असला माल फिरतो असं त्याच्या कानावर आहे. झालं, दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी आणि जमादार बडनेऱ्याहून गाडी धरून मूर्तिजापूरला उतरलो. पार्सल ऑफिस पालथं घातलं. यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या फलाटावर हमालांना विचारलं, दोन हॉटेलवाल्यांना विचारलं. कोणाला काही पत्ता नाही. दुपार झाली, पोटात कावळे ओरडायला लागले, आणि स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर दोन भोंगे एकमेकांवर तुटून पडलेले ऐकू आले.

लग्न होतं. वधूकडच्यांनी लिंबाच्या झाडावर भोंगा बांधला होता, वराकडच्यांनी बैलगाडीच्या दांडीवर. एकानं गाणं लावलं की दुसरा त्याहून नवं गाणं लावायचा, आणि मांडवातली माणसं जेवता जेवता निकाल द्यायची. पंगतीतला एक म्हातारा तर हात वर करून सांगत होता, "आता नवरीकडचा भारी पडला." मी गंमत बघत लिंबाखाली गेलो आणि जागच्या जागी थिजलो.

भोंगेवाल्याच्या उघड्या पेटीत ओळीनं रेकॉर्डी उभ्या होत्या. प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर शाईचा आकडा.

टोळी सापडली. मी जमादारांना हाकसुद्धा मारली नाही. झेप घेऊन त्या भोंगेवाल्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं पेटीतली एक रेकॉर्ड उचलली. भोंगेवाला सत्तरीचा म्हातारा, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. घाबरण्याऐवजी तो माझ्यावरच खेकसला.

"अबे हात सोड, रेकॉर्ड फुटन! समजलं मले, तू त्या नवरदेवाकडच्या भोंगेवाल्याचा मानूस होय. चिठ्ठी खरडून पाहाले आला काय, माह्यापाशी नवं कोनतं हाय थे?"

मी तोंड उघडं टाकून उभा राहिलो. तोवर जमादार धापा टाकत पोचले आणि प्रकार बघून पोट धरून हसायला लागले. "चाचा, सोडा यायले. हे पोलिसातले साहेब हायेत. तिकडच्या मुलखातले, यायले काय मालूम."

मग चाचांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. लग्नात दोन भोंगे समोरासमोर असले की समोरचा माणूस येता-जाता पेटीत डोकावतो. तुमच्याकडे कोणतं नवीन गाणं आहे हे त्याला कळलं की तो निरोप धाडून तेच मागवतो आणि तुमच्या आधी वाजवतो. मग तुमची लाज जाते आणि पुढचं लग्नही जातं. म्हणून रेकॉर्ड हातात आली की पहिलं काम म्हणजे नावावर चिठ्ठी डकवायची आणि कोणत्या आकड्याला कोणतं गाणं, ते आपल्या वहीत लिहून ठेवायचं. वही कमरेला. अकोला, अमरावती, यवतमाळ, कुठल्याही भोंगेवाल्याची पेटी उघडा, हेच दिसेल. दुकान काढलं तरी ही सवय सुटत नाही.

"आमचा एक दुकानवाला हाय अमरावतीले, पयले भोंगाच वाजवे," चाचा म्हणाले. "त्याले म्या कितीकदा सांगतलं, आता इकतोस त चिठ्ठ्या काहून लावतोस? त म्हने, हात ऐकत नाही चाचा."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या असतील. ज्याला मी रंगेहाथ पकडलं म्हणून मिरवत होतो, तो माणूस आपली वीस वर्षांची सवय पाळत बसला होता.

"पण चाचा," मी विचारलं, "चिठ्ठी असली आणि वही हरवली तर? रेकॉर्ड कोणती ते कसं ओळखणार?"

चाचांनी माझ्या हातातली रेकॉर्ड घेतली, उन्हात तिरपी धरली आणि कागदाच्या कडेला, जिथे गाण्याच्या रेघा संपतात आणि गुळगुळीत लाख लागते, तिथून अंगठ्याचं नख फिरवलं. "हे पाहा. इथं आकडे कोरले असतेत. साचा बनवते तवाच कोरते कंपनी. कागद कोनीबी छापन, साहेब. हे लाखेतलं कोन छापन? एका साच्यातून निघाल्या त त्या सख्ख्या बहिनी, मंग एक इथं राहो नाहीतर परमुलखात."

मी उठलो तो पळतच सुटलो. मागून जमादार ओरडत होते, "साहेब, जेवन तरी करू द्या!" अकोल्याकडून येणारी गाडी फलाटावर उभी होती, गार्डानं शिटी दिली होती. आम्ही दोघं शेवटच्या डब्याला लोंबकळून चढलो. जमादारांनी माझ्यावरचा राग गाडीतल्या फुटाण्यांवर काढला, आणि मी बडनेरा येईपर्यंत उभाच होतो. बसवतच नव्हतं.

ठाण्यात पोचलो तेव्हा ऊन अजून बऱ्यापैकी होतं. अंगणात सतरंजी टाकली, मुद्देमाल कारकुनाकडून रेकॉर्डी काढल्या, पंचांना पुन्हा बोलावलं. एजंटानं तक्रारीबरोबर अस्सल मालाचा नमुना म्हणून आपल्या दुकानातल्या काही रेकॉर्डी जमा केल्या होत्या, त्याही आणल्या. ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या अलगद सोडवल्या. खाली कंपनीचाच शिक्का. फक्त कागदाचा रंग वेगळा, आणि इंग्रजीत लिहिलेलं, की माल कंपनीच्या परदेशातल्या कारखान्यात तयार झाला असून पूर्व आफ्रिकेत विकण्यासाठी आहे. सबंध गुन्हा मी ज्या चिठ्ठीवर उभा केला होता, तिच्याखाली फिर्यादी कंपनीचंच नाव निघालं होतं.

मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी घेतल्या, एक इकडची, एक तिकडची. उन्हात तिरप्या धरल्या, भिंग लावलं. आकडे तेच. आकड्यांची वळणंही तीच. एका सातचं शेपूट कोरताना हलकंसं घसरलं होतं, ते दोन्हींवर तसंच घसरलेलं. दुसरी जोडी घेतली, तिसरी घेतली. प्रत्येक जोडी जुळली की अंगणातले शिपाई "लागली, लागली" म्हणायचे. पंच असलेला शिंपी तर भिंग सोडायला तयार नव्हता. आयुष्यात मी इतका आनंदानं कधी हरलेलो नाही.

कोठडीपाशी गेलो. दुकानदार भिंतीला टेकून बसला होता. मी म्हणालो, "तुमचा माल अस्सल आहे. माझी खात्री पटली." इतके दिवस मी त्याला 'तू' म्हणत होतो. आता जीभ आपोआप वळली.

मी विचारलं, "माल बंदरावर उतरला तेव्हा त्याचं शुल्क भरल्याची काही पावती असेल ना?"

"हाय ना."

"कुठे आहे?"

"बायकोपाशी."

"अहो, मग पहिल्याच दिवशी का दिली नाही?"

"देली असती त तुमी थेबी जप्त केली असती, साहेब. मंग माह्यापाशी काय राह्यलं असतं?"

जमादार खिडकीबाहेर बघत राहिले. त्याच संध्याकाळी त्यानं माल पाठवणाऱ्याचं नावही सांगितलं. अकोल्याच्या एका जिनिंगमधून आफ्रिकेत गेलेला फिटर, त्याच्या बहिणीचा नवरा.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला एजंटाच्या पेढीवर हजर. त्यानं चहा मागवला. मी दोन रेकॉर्डी गादीवर शेजारी शेजारी ठेवल्या, भिंग दिलं आणि लाखेतले आकडे वाचायला सांगितलं. त्यानं भिंग उचललंच नाही. मी गप्प बसलो. चौकशीत पोलिसाचं सगळ्यात चांगलं हत्यार गप्प बसणं हे असतं. आरोपीवर ते मी वापरलं नव्हतं, फिर्यादीवर वापरलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी शेवटी म्हणालो.

"ठाऊक होतं."

"मग नकली का म्हणालात?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, नकली म्हटलं नसतं तर तुमी आले असते काय? हा माल माझ्या परवानगीशिवाय परदेशातून आला, असं सांगितलं असतं तर तुमी म्हटलं असतं, दिवानी कोर्टात जा. तिथं माझे केस पांढरे झाले असते. कंपनीनं हा इलाका मले देला. मी गावोगाव फिरून दुकानं जोडली. आता तोच माल समुद्रापलीकडून सस्ता येऊन राहिला, त मले कोन इचारते? आज एक पेटी आली, उद्या वॅगन येईन."

मला संताप आला होता, पण त्याचं बोलणं सगळं खोटं नव्हतं. त्याचं गाऱ्हाणं कोर्टानं ऐकावं असंच होतं. ते सांगायला त्यानं माझी काठी उसनी मागितली, आणि मी ती हसत हसत त्याच्या हातात दिली. त्याचा नवा जबाब घेतला, सही घेतली. सही करताना त्याचं ते फाउंटन पेन दोनदा अडलं.

आमचे ठाणेदारसाहेब कडक गृहस्थ. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "अहवाल लिहा. आणि स्वतःची चूक पहिल्या पानावर येऊ द्या." मी तसंच लिहिलं. फसवणुकीचा गुन्हा बनत नाही, असं म्हणून दुकानदाराला जामिनावर सोडण्याची विनंती केली.

कोर्टातला तो दिवस मला सणासारखा आठवतो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ग्रामोफोन मागवला. त्यांच्या टेबलावर चावी देऊन आधी इकडची रेकॉर्ड लावली, मग आफ्रिकेची. दोन्हींत तोच आवाज, तीच तान, अंतऱ्याच्या सुरुवातीला तोच गायिकेचा हलका श्वास. दाराशी शिपाई, पक्षकार, शेजारच्या कोर्टातले वकील सगळे जमले. शिरस्तेदार मान डोलवायला लागले आणि साहेबांनी बघितल्यावर थांबले.

कंपनीचे वकील हुशार होते. ते म्हणाले, माल अस्सल आहे हे आम्हाला आता मान्य आहे. पण या देशात हे गाणं आणण्याचा आणि विकण्याचा हक्क फक्त आमचा आहे. दुसऱ्या देशासाठी काढलेली प्रत इकडे आणणं म्हणजे आमच्या हक्कावर घाला. दुकानदाराचे वकील म्हणाले, कंपनीनं ही वस्तू एकदा विकली, किंमत घेतली, आता ती कुणी कुठे न्यावी हे कंपनीनं सांगू नये. दोघंही इतकं पटण्यासारखं बोलले की मी मनात दोनदा बाजू बदलली.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. फसवणूक नाही, त्यातून आरोपी मुक्त. आपण कुणाच्या हक्कावर अतिक्रमण करतो आहोत हे ठाऊक असून त्यानं ते केलं, असं सिद्ध होत नाही, तेव्हा तोही गुन्हा नाही. हक्क नेमका कुणाचा, हा वाद दिवाणी कोर्टात न्यावा. माल परत द्यावा. तो वाद पुढे दिवाणीत बराच काळ चालला आणि शेवटी आपसात मिटला. हातातला साठा दुकानदारानं विकावा, यापुढे परदेशातून आणू नये, असं ठरलं. कायद्यानं कोण बरोबर होतं हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माल परत करायला मी स्वतः दुकानात गेलो. मला वाटलं होतं, तो खूश असेल. दुकान उघडं होतं, पण आत चिटपाखरू नव्हतं. त्यानं पोचपावतीवर सही केली आणि पेट्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"आता काय अडचण आहे?" मी विचारलं.

"लग्नाचे भोंगे ठरले होते साहेब, थे लोकाइनं रद्द केले. गिऱ्हाईक समोरच्या फुटपाथनं जाते. कोर्टानं सोडलं थे कोर्टात. इथं कोनाले मालूम? इथं लोकाइनं फक्त हातकडी पाह्यली."

"मी काय करू शकतो?"

त्यानं समोरच्या फुटपाथकडे नजर टाकली. मग म्हणाला, "एक रेकॉर्ड इकत घ्या, साहेब. रविवारी, बजार भरते तवा. वर्दीत या."

माझ्या घरी ग्रामोफोन नव्हता. तरी रविवारी मी कडक इस्त्रीची वर्दी घातली, टोपी घातली आणि हमरस्त्यानं एकटाच चालत निघालो. फौजदार पुन्हा त्याच दुकानाकडे निघालाय म्हटल्यावर निम्मा बाजार मागे आला. त्यांना वाटलं, दुसरी धाड. मी काउंटरशी उभा राहिलो, एक रेकॉर्ड मागितली, पैसे दिले, पावती मागितली. दुकानदारानं पावती लिहिली.

गर्दीतून एका शेतकऱ्यानं, मुंडासं सारखं करत, सरळ विचारलं, "साहेब, माल चोख हाय का मंग?"

मी वळलो. एवढ्या लोकांसमोर वर्दीतल्या माणसाला काय बोलावं याचं शिक्षण कुठल्याच ट्रेनिंग स्कुलात देत नाहीत. "माल चोख आहे," मी मोठ्यानं म्हणालो, "आणि माणूसही. चूक माझी झाली होती."

मग तो शेतकरी पुढे झाला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "माह्या पोरीचं लगन हाय. भोंगा भेटन काय?"

आम्ही मागच्या गल्लीनं निघालो, मी आणि गर्दीत मागोमाग आलेले जमादार. त्यांनी कधी नव्हे ते मला कडक सलाम ठोकला आणि मी तो चुकून न घेताच पुढे गेलो, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. पुढे नोकरीत बक्षिसं मिळाली, एक पदकही मिळालं, ती सगळी कपाटात आहेत. पण मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी हेच सांगत आलो. माणूस निर्दोष आहे असं कोर्ट कागदावर लिहितं, आणि तो कागद फार थोडे लोक वाचतात. ज्यानं त्याला चारचौघांत धरलं, त्यानंच चारचौघांत जाऊन सांगितलं तर ते लोकांपर्यंत पोचतं. 'चूक माझी झाली होती' हे चार शब्द बोलायला मला एका दरोडेखोराला पकडण्यापेक्षा जास्त धीर लागला.